पिकोग्रॅम सापडला, पुढे काय? घोड्यांच्या शर्यतींच्या नियामकांना खुले पत्र

प्रति,
देशोदेशींच्या शर्यत नियामक संस्थांचे पदाधिकारी आणि चाचण्यांच्या खर्चाला मंजुरी देणारे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण, तुमच्या अहवालांत हटकून येणारे एक वाक्य. शब्द इकडेतिकडे होतात, आशय ठरलेला असतो: प्रयोगशाळेसाठी यंदा अधिक संवेदनशील यंत्र घेतले, त्यामुळे डोपिंगला आळा बसेल. मी रसायनतज्ज्ञ आहे. घोड्यांच्या लघवी-रक्ताच्या नमुन्यांवरच माझे पोट चालते आणि नवे मास स्पेक्ट्रोमीटर आले की सगळ्यांत आधी आनंद मलाच होतो. तरीही हे वाक्य वाचले की डोके उठते. यंत्र सांगते ते इतकेच, की अमुक रेणू अमुक प्रमाणात आहे. त्या आकड्याचा घोड्याच्या पायावर, फुप्फुसावर, वेदनेवर काय परिणाम झाला असेल हे यंत्राला ठाऊक नसते. ते कळायला वेगळे काम लागते. ते संथ असते, कंटाळवाणे असते, उद्घाटनाच्या फोटोत दाखवता येत नाही. त्या कामाला पैसे देताना मात्र तुमचा हात आखडतो.

तुमच्यातले काही जण म्हणतील, ही बाई स्वतःच्याच खात्यासाठी पैसे मागते आहे. मागतेच आहे. पण कशासाठी, तेवढे ऐकून घ्या.

हा सगळा व्यवहार लाळेपासून सुरू झाला. इंग्लंडमध्ये जॉर्ज लॅम्बटन या ट्रेनरने उत्तेजकांचा धोका कोणी मनावर घेईना म्हणून, आधी सांगून-सवरून, स्वतःच्याच काही घोड्यांना ती देऊन दाखवली. त्यानंतर 1903 च्या सुमारास तिथे डोपिंगवर बंदी आली. पण बंदी घातली तरी ओळखायचे कसे? 1910 मध्ये ऑस्ट्रियाच्या जॉकी क्लबने बुकोव्स्की नावाच्या रसायनतज्ज्ञाला बोलावले. घोड्याच्या लाळेतले अल्कलॉइड (मॉर्फिन, कोकेनसारखी वनस्पतींतून मिळणारी द्रव्ये) त्याला ओळखता येत होते, पण रीत काही त्याने सांगितली नाही. मग व्हिएन्नाच्या फ्रेंकेल यांना तीच वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागली. 1910–11 मध्ये त्यांनी 218 नमुने तपासले. म्हणजे आपल्या शास्त्राचा जन्मच मुळी झाकल्या मुठीतून झाला. ती खोड अजून गेलेली नाही. पुढे मॉर्फिन ओळखायला उंदीर वापरत. नमुन्याचा अर्क टोचला की मॉर्फिनच्या अंमलाखाली उंदराची शेपटी पाठीवर एस अक्षरासारखी वळून ताठ उभी राही. हसू येते खरे. पण त्या चाचणीत एक गोष्ट होती जी आजच्या यंत्रात नाही: रेणू सापडला एवढ्यावर ती थांबत नसे, तो सजीवावर काही करू शकतो आहे हेही तिच्यात दिसे.

आज आम्ही पिकोग्रॅममध्ये बोलतो. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग. 2021 च्या अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत पहिला आलेल्या मेडिना स्पिरिटच्या रक्तात बीटामेथासोन सापडले, मिलिलिटरला 21 पिकोग्रॅम. हे सूज उतरवणारे स्टेरॉइड आहे. सांध्यात टोचले तर दुखरा पाय काही काळ दुखेनासा होतो आणि घोडा त्या पायावर बेफाम पळतो. चिंता असते ती याची. घोड्याच्या बाजूने सांगितले गेले की त्वचेवरच्या चट्ट्यांसाठी मलम लावले होते. तिथल्या नियमानुसार शर्यतीच्या दिवशी ते रक्तात असताच कामा नये. कुठल्या वाटेने आले याला महत्त्व नव्हते. फेब्रुवारी 2022 मध्ये पहिला क्रमांक काढून मॅन्डलूनला दिला गेला. तोवर मेडिना स्पिरिट मरण पावला होता, डिसेंबर 2021 मध्ये, सराव करताना.

निकालाशी माझे भांडण नाही. नियम होता, मोडला, शिक्षा झाली. मला सलते ते वेगळेच. मलम की इंजेक्शन, हा प्रश्न रसायनशास्त्राला सोडवता येण्याजोगा होता, कारण दोन्हींत बीटामेथासोनला जोडलेले रासायनिक शेपूट वेगळे असते आणि लघवीत ते शोधता येते. पण तो तपास करून घ्यायला घोड्याच्या मालकाला कोर्टात जावे लागले. मलम लावलेल्या घोड्याच्या रक्तात किती दिवस किती सापडते, याचा तक्ता नियमाच्या शेजारी छापलेला असता तर दोन्ही बाजूंच्या वकिलांचे निम्मे काम तिथेच संपले असते. आणि हे काही पहिल्यांदा घडले नाही. 1968 च्या डर्बीत डान्सर्स इमेज या घोड्याच्या नमुन्यात फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक सापडले, तेव्हाचा कज्जा 1972 पर्यंत चालला. इतक्या वर्षांत यंत्रे कुठल्या कुठे गेली, भांडणाची तऱ्हा तीच.

आकड्याला अर्थ द्यायची रीत काय हे कोणालाच माहीत नसते तर गोष्ट वेगळी होती. पण ती आहे. फ्रान्सचे औषधशास्त्रज्ञ पिएर-लुई तुतँ आणि त्यांच्या सहकारी लासूर यांनी 2002 मध्ये ती मांडली. औषधाची उपचाराला लागणारी मात्रा घ्या, घोड्याचे शरीर ते ज्या वेगाने रक्तातून काढून टाकते त्याने भागा. औषध लागू पडते तेव्हा रक्तात सरासरी किती असते ते मिळाले. त्याला 500 ने भागा. 500 म्हणजे 50 गुणिले 10: 50 परिणाम नगण्य व्हावा म्हणून, 10 घोड्याघोड्यांतल्या फरकासाठी. या पातळीखाली जे सापडेल ते औषधाचा अंमल संपल्यानंतरचे अवशेष. हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल. अडते ते भाजकापाशी. शरीर औषध किती वेगाने काढून टाकते, हे पुस्तकात बघून येत नाही. घोड्याला औषध देऊन मोजावे लागते.

ते मोजणे म्हणजे काय, हे तुमच्यापैकी ज्यांनी कधी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. सहा घोडे घ्यायचे, बहुधा शर्यतीतून निवृत्त झालेले. औषध देण्याआधीचे रक्त आणि लघवी घ्यायची, नाहीतर पुढच्या साऱ्या आकड्यांना बूड नाही. मग मोजून मात्रा द्यायची आणि घड्याळ सुरू. पहिल्या तासात मानेच्या शिरेत बसवलेल्या नळीतून दर काही मिनिटांनी रक्त, मग तासांनी, मग दिवसातून दोनदा, मग रोज. प्रत्येक नळीवर घोडा, वेळ, तारीख; लगेच फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा आणि उणे 80 अंशांत ठेवायचा. लघवीसाठी लांब दांड्याला अडकवलेले भांडे घेऊन घोड्याजवळ उभे राहायचे आणि हलकी शीळ घालायची. शर्यतीनंतर नमुना घेणारेही हेच करतात. बऱ्याच घोड्यांना त्या शिळेची सवय लावलेली असते. कधी चटकन काम होते, कधी ओठ कोरडे पडेस्तोवर शीळ घातली तरी घोडा ढिम्म. रात्री दोन वाजता थंडीत हे करणाऱ्या माणसाचे नाव शोधनिबंधावर सहसा नसते, ते एक असो.

समजा, पाच घोडे चौथ्या दिवशी स्वच्छ झाले आणि सहावा सातव्या दिवशी. तुम्ही ‘सात दिवस’ असे पत्रक काढता. शास्त्राच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की या सहा घोड्यांत, या मात्रेत, या वाटेने दिलेले औषध सातव्या दिवसापासून आमच्या पातळीवर दिसले नाही. तबेल्यातला पशुवैद्य ते वाचतो तेव्हा त्याच्यासमोर सातवा घोडा उभा असतो: वजनाने जास्त, किंवा यकृत मंद चालणारा, किंवा तेच इंजेक्शन दोनदा घेतलेला. त्याने किती दिवस जास्त धरायचे? ते त्याच्या अंदाजावर सोडलेले आहे. सहाऐवजी वीस घोड्यांची माहिती हाताशी असती तर त्याला शहाणपणाने सांगता आले असते. वीस घोड्यांचा अभ्यास एका देशाला परवडणार नाही, मान्य. पण तीन देशांनी एकाच औषधावर सहा-सहा घोड्यांचे तीन अभ्यास करायचे, कच्चे आकडे आपापल्या कपाटात ठेवायचे आणि छापायचा तो फक्त शेवटचा एक आकडा, याला काय म्हणायचे? त्यात बारा घोड्यांना विनाकारण सुया टोचल्या जातात, हेही आहेच.

आता चाऱ्याकडे या. शेतात तणासारखी उगवलेली अफूची झाडे गवतात कापली गेली की घोड्याच्या लघवीत मॉर्फिन येते. 2002 मध्ये हेनेसी गोल्ड कप जिंकलेला बी माय रॉयल खाद्यातून आलेल्या मॉर्फिनमुळे बाद झाला. 2014 मध्ये अॅस्कॉट गोल्ड कपात दुसरी आलेली राणी एलिझाबेथची घोडी एस्टिमेट, तिचीही तीच गत. 2020 च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या आर्क शर्यतीच्या तोंडावर ट्रेनर एडन ओब्रायन यांना आपले घोडे मागे घ्यावे लागले, कारण खाद्यात झिल्पाटेरॉल निघाले. हे काही देशांत गुरांचे मांस वाढवायला देतात. कोकोच्या टरफलांतून थिओब्रोमिन हे उत्तेजक येते. आणि सगळ्यांत विचित्र प्रकार तबेल्यातल्या पेंढ्याचा. फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक दिलेला घोडा पेंढ्यावर मुततो, तोच पेंढा चघळतो आणि औषध पुन्हा पोटात जाते. रक्तातले प्रमाण उतरायचे सोडून रेंगाळत राहते. उद्या त्याच खणात दुसरा घोडा बांधला तर त्याच्याही नमुन्यात ते दिसू शकते, त्याला थेंबभरही दिलेले नसताना. यंत्र जितके तीक्ष्ण, तितके असे घोडे जास्त सापडणार. संवेदनशीलता दहापट वाढवली आणि हा अभ्यास होता तिथेच ठेवला, तर हाती दहापट गोंधळ येतो.

जिथे तुम्ही खर्च केलात तिथे उत्तरे चांगली मिळाली आहेत, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. घोड्याच्या शरीरात किंवा चाऱ्यात निसर्गतःच असलेल्या पदार्थांसाठी इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ हॉर्सरेसिंग अथॉरिटीजने मर्यादा आखल्या. लघवीत कोबाल्ट मिलिलिटरला 100 नॅनोग्रॅम, थिओब्रोमिन 2 मायक्रोग्रॅम, खच्ची केलेल्या घोड्यात टेस्टोस्टेरॉन 20 नॅनोग्रॅम, प्लाझ्मात एकूण कार्बन डायऑक्साइड लिटरला 36 मिलिमोल. हा शेवटचा आकडा नाकातून नळी घालून पोटात खायच्या सोड्याचे पाणी ओतणाऱ्यांसाठी. स्नायूंतले आम्ल मारून थकवा लांबवायचा तो प्रकार. अशा मर्यादा सामान्य घोड्यांचे ढीगभर नमुने मोजून काढतात, आणि निर्दोष घोडा त्यांत अडकण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून जास्त नसावी असा आडाखा धरतात. त्यांवर वाद होतात, पण त्या वादांना जमीन असते.

आतापर्यंत लिहिले ते नाहक अडकणाऱ्यांबद्दल. खरे लबाड कुठे आहेत?

मार्च 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय वकिलांनी ट्रेनर, पशुवैद्य आणि औषध बनवणारे अशा सत्तावीस जणांवर आरोप ठेवले. त्यातले बडे ट्रेनर हॉर्हे नवारो आणि जेसन सर्व्हिस यांना पुढे अनुक्रमे पाच आणि चार वर्षांची कैद झाली. ते सापडले फोनवरच्या संभाषणांमुळे. एका औषधाबद्दल, त्याची अमेरिकेत चाचणीच नाही, असा दिलासा त्या बोलण्यांत दिला गेल्याचे आरोपपत्रात आहे. आमच्या पेशाला याहून बोचणारे वाक्य मी ऐकलेले नाही. 2013 मध्ये इंग्लंडात गोडॉल्फिनच्या तबेल्यात शर्यत नसताना 45 घोड्यांचे नमुने घेतले आणि 11 मध्ये स्नायू वाढवणारे अॅनाबोलिक स्टेरॉइड निघाले. ट्रेनर मेहमूद अल झरूनी आठ वर्षांसाठी बाहेर गेले. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने चाचणीची पद्धत बदलताच तिथल्या चार राज्यांत तीसहून जास्त घोड्यांत डर्मोर्फिन दिसू लागले. हे दक्षिण अमेरिकेतल्या एका बेडकाच्या कातडीत सापडणारे, मॉर्फिनहून कितीतरी जालीम वेदनाशामक. यंत्र तर आधीही होते. कशाकडे बघायचे हे कळले, तेव्हा ते दिसले.

एरिथ्रोपॉएटिनचे उदाहरण तर मी प्रत्येक बैठकीत देते. हे टोचले की तांबड्या पेशी वाढतात. औषध दोन-तीन दिवसांत रक्तातून दिसेनासे होते, पेशी मात्र महिनोन्‌महिने राहतात. माणसांच्या खेळात यावर रक्ताचा पासपोर्ट हा उपाय निघाला: खेळाडूच्या रक्ताची वर्षानुवर्षे नोंद ठेवा, अचानक चढउतार दिसला की पकडा. तुमच्यापैकी कोणीतरी विचारतेच, मग घोड्यांना तेच का लावत नाही? कारण घोड्याची प्लीहा. तांबड्या पेशींचा प्रचंड साठा ती दाबून ठेवते आणि घोडा दचकला, उत्तेजित झाला, पळाला की तो रक्तात सोडते. विश्रांतीत चाळिशीच्या आसपास असलेला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, धावताना साठच्या वर जातो. सुई बघून बिथरलेल्या घोड्याचा आकडा लबाडासारखाच दिसतो. तेव्हा माणसांची पद्धत उचलून आणता येत नाही. घोड्यासाठी वेगळ्या खुणा शोधाव्या लागतात, आणि त्या सामान्य घोड्यांत ऋतूनुसार, वयानुसार किती हलतात हे काही वर्षे मोजावे लागते. ही काही वर्षे तुमच्या वार्षिक अंदाजपत्रकात बसत नाहीत, एवढीच अडचण आहे.

बिसफॉस्फोनेट या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधांचेही असेच. हाडात जाऊन बसतात, वर्षानुवर्षे राहतात, रक्त-लघवीत लवकर दिसेनासे होतात. वाढत्या वयाच्या घोड्याला दिले तर हाड स्वतःची डागडुजी करणे मंदावते. ते शोधायची खात्रीची रीत हवी, हा शर्यतीच्या निकालापेक्षा घोड्याच्या आणि पाठीवरच्या जॉकीच्या जिवाचा प्रश्न आहे. जनुकांच्या डोपिंगबद्दल फार लिहीत नाही. जपानच्या शर्यत प्रयोगशाळेने त्यावर चांगले काम करून ते उघड छापले आहे, आणि तिकडे अर्जेंटिनात जनुक-संपादित पोलो घोडे जन्माला आलेसुद्धा.

तर माझे मागणे.

यंत्राच्या प्रत्येक खरेदीबरोबर, त्या यंत्राने नव्याने दिसू लागणाऱ्या पदार्थांच्या अभ्यासाची रक्कम त्याच प्रस्तावात मंजूर करा. पुढच्या वर्षी बघू असे म्हणायचे नाही. औषध देऊन केलेल्या प्रत्येक अभ्यासाचे घोडानिहाय कच्चे आकडे उघड करा, फसलेल्या अभ्यासांचेसुद्धा. लबाडांना वेळापत्रक मिळेल हा आक्षेप मला पाठ आहे. उपचाराच्या औषधांबाबत तो लंगडा आहे, कारण वेळ तुम्ही स्वतःच पत्रकात छापता. बंदी असलेल्या पदार्थांचे तपशील प्रयोगशाळांपुरते ठेवा, मी अडवणार नाही. पण निदान प्रयोगशाळांना तरी एकमेकींचे द्या. नव्या स्टेरॉइडसाठी तर बऱ्याचदा जिवंत घोडाही लागत नाही, घोड्याच्या यकृताचा अर्क काचनळीत वापरून त्याचे रूपांतर कसे होते हे कळते. त्यासाठी लागणारे शुद्ध संदर्भपदार्थ मिळून बनवून घेतले तर प्रत्येकाचा खर्च थोडा येईल.

नमुने फेकू नका. माणसांच्या खेळात ते दहा वर्षे जपून पुन्हा तपासता येतात. आपल्याकडे बक्षीस वाटले, पैज लावणाऱ्यांना पैसे दिले की सगळ्यांनाच तो विषय संपलेला हवा असतो. पैजेचे पैसे परत मागा असे मी म्हणत नाही. पण आज ज्याची चाचणी नाही, ते पाच वर्षांनी सापडू शकते एवढी धास्ती त्या फोनवरच्या दिलाशावर पुरेशी ठरली असती. केसांचेही नमुने घ्या. आयाळीचा केस महिन्याला दोन-अडीच सेंटिमीटर वाढतो आणि काही औषधांचा मागचा कित्येक महिन्यांचा इतिहास सांगतो. बाहेरून चिकटलेले काय आणि आतून आलेले काय, हे वेगळे करायला मात्र पुन्हा अभ्यासच लागतो.

आणि एक, जे फुकट होईल. पॉझिटिव्ह निकालाच्या पत्रात आकड्याखाली आणखी तीन ओळी छापा: ही पातळी कशावरून ठरली, किती घोड्यांच्या अभ्यासावर, आणि चाऱ्यातून किंवा पेंढ्यातून तेवढे येऊ शकते का. अभ्यास झालेला नसेल तर ‘झालेला नाही’ असे छापा. अशी किती पत्रे निघतात ते वर्षअखेर मोजा आणि पुढच्या वर्षीच्या संशोधनाची यादी त्यावरून करा. अमेरिकेत राज्याराज्यांचे वेगवेगळे नियम बाजूला ठेवून मे 2023 पासून डोपिंग-नियंत्रणाचा एक कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा एवढ्या तीन ओळींवर सगळ्यांचे एकमत व्हायला हरकत नसावी.

तुमच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हे यावे ही विनंती. नमुना म्हणून अशा पत्राचा मसुदा लागला तर मी करून देईन.

कळावे.

आपली,
शर्यतीच्या घोड्यांचे नमुने तपासणारी एक रसायनतज्ज्ञ